एक जूनला जन्मलेली माणसं

१

प्रेरणाची नोकरी मंगळवारी सकाळी अकरा वाजून एक्कावन्न मिनिटांनी गेली, आणि तिला ते कळलं संध्याकाळी सहाला. मधल्या वेळात ती क्लासमध्ये आठवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवत होती. क्लासच्या नियमाप्रमाणे फोन कपाटात होता.

मी वाळूजहून कामावरून परतले तेव्हा ती कॉटवर बसली होती, पायात चप्पल तशीच. तिनं फोन माझ्या हातात दिला. पुण्याच्या कंपनीचं पत्र होतं: आपण आमचा नोकरीचा प्रस्ताव नाकारल्याची नोंद घेतली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

"मी नाकारला नाय," ती म्हणाली. "शीले, मी कामून नाकारीन?"

खरंच, कशाला नाकारेल? चार मुलाखती दिल्या होत्या तिनं त्या नोकरीसाठी. येत्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. बॅग अर्धी भरून झाली होती.

कंपनीला फोन लावून झाला होता. तिकडच्या बाई सभ्य होत्या आणि सभ्यपणे दगड. नकार प्रेरणाच्याच लॉगिनमधून आला होता. तो तिनं दिला नसेल तर कुणी दिला आणि कसा दिला, हे शुक्रवारी पाचच्या आत लेखी कळवायचं. नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला. पुढची मुलगी म्हणजे मोनिका, आमच्याच खोलीतली तिसरी कॉट.

तेवढ्यात दारात साळूबाई उभ्या राहिल्या. क्रांती चौकामागच्या या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या सर्वेसर्वा. बातमी त्यांच्यापर्यंत जिन्याच्याही आधी पोचते.

"ह्या खोलीत हॅकिंग कोण शिकतं ते साऱ्या हॉस्टेलला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "म्या काय नाव घेत नाय. पन शनिवारपोतूर ह्याचा निकाल लागला नाय, तर ज्याचं त्यानं सामान उचलावं."

मी हसले. मला वाटलं प्रेरणाही हसेल. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"शीले, तू नाय ना केलंस?"

२

माझं नाव सत्यशीला. वय तेव्हा सव्वीस, तेही कागदावर. गाव लासूर स्टेशनच्या अलीकडे, घरी मेंढरं. वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर मी गेटपास करते. कोण आला, कुणाकडे आला, गाडीचा नंबर काय, सही करा, पुढे जा. दिवसाला दीडशे माणसं माझ्या खिडकीशी थांबतात आणि त्यातला एकही माझ्याकडे आलेला नसतो.

उरलेल्या वेळात मी सायबर सुरक्षा शिकते. शिकते म्हणजे शिकायला कुठून सुरुवात करायची ते शोधते. चौदा महिने झाले. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'कुठून सुरुवात?' असं लिहिलंय आणि खाली अकरा बाण आहेत. एक व्हिडिओवाला म्हणतो आधी नेटवर्क शिका. दुसरा म्हणतो नेटवर्क नको, लिनक्स. तिसरा म्हणतो ही परीक्षा द्या, चौथा म्हणतो ती परीक्षा दिलेले सगळे बेकार फिरतायत. बारा गावचं पाणी प्यायले पण तहान होती तिथंच. विचारायला माणूस नाही. गावी या विषयाचं नाव सांगितलं की लोक त्यांचा बंद पडलेला मोबाईल आणून देतात.

माझं ऐकणारं एकच माणूस होतं, प्रेरणा. तिला यातलं ओ की ठो कळत नसे, पण ती केस विंचरता विंचरता "मग?" म्हणायची. त्या "मग?"वर माझे चौदा महिने निघाले होते. आणि तीच आता विचारत होती, तू नाय ना केलंस.

मला राग आला. फार आला. रागाच्या भरातच मी तिचा फोन घेऊन बसले आणि तिला आलेले मेल वर सरकवत गेले. शुभेच्छांच्या पत्राआधी कंपनीच्या पोर्टलवरून तीन मेल आले होते.

अकरा बेचाळीस: पासवर्ड बदलण्याचा प्रयत्न अयशस्वी. जन्मतारीख जुळली नाही.

अकरा चव्वेचाळीस: आपला पासवर्ड बदलला आहे.

अकरा एक्कावन्न: आपण प्रस्ताव नाकारला आहे.

या पोर्टलचं कुलूप मला पाठ होतं, कारण प्रेरणाचा अर्ज मीच भरला होता, माझ्या लॅपटॉपवर, तिची दहावीची सनद समोर ठेवून. पासवर्ड विसरलात? मग अर्जाचा क्रमांक सांगा, आईचं माहेरचं आडनाव सांगा, जन्मतारीख सांगा. बस. एवढ्यावर दार उघडतं.

अर्जाचा क्रमांक गुपित नव्हता. नोकरीचं पत्र आलं तेव्हा प्रेरणानं आनंदाच्या भरात त्याचा फोटो घरी, मैत्रिणींना, नातलगांना, सगळ्यांना पाठवला होता. वर क्रमांक ठळक. आईचं माहेरचं आडनावही गुपित नव्हतं. आपल्याकडे मुलगी लग्नाची झाली की तिचा बायोडेटा शंभर मोबाईलांत फिरतो, आणि त्यात 'मामेकुळ' ही ओळ असतेच.

राहिली जन्मतारीख. आणि इथं गंमत होती, कारण प्रेरणाला दोन होत्या.

३

ती जन्मली संक्रांतीला, चौदा जानेवारी दोन हजार दोन. पण वडिलांना तिला साडेपाच वर्षांची असतानाच पहिलीत घालायचं होतं आणि नियमाला सहा पूर्ण हवी होती. म्हणून शाळेत तारीख लागली एक जून दोन हजार एक. मराठवाड्यात यात नवल काही नाही. आमच्याकडे शाळेच्या दाखल्यावर निम्मी गावं एक जूनला जन्मतात. माझीही तारीख एक जूनच आहे. फरक इतकाच की प्रेरणाला खरी तारीख माहीत आहे आणि मला नाही.

या संक्रांतीला तिनं केक आणला होता. मोनिकानं दोन तुकडे खाल्ले. प्रेरणानं मला विचारलं होतं, तुझा खरा वाढदिवस कधी? मी म्हटलं, आईला विचारलं की ती सांगते, गिराण लागलं तवा तू पोटात व्हतीस, आन पंचमीला मांडीवर. तुझा बाप बाजाराला गेलता, सुईनीला बोलवायला घरात कुनी नव्हतं. ग्रहण आणि नागपंचमी यावर कुठलं सरकार दाखला देईल?

तर आता मेलकडे पाहा. त्या माणसानं आधी चुकीची तारीख टाकली आणि दोन मिनिटांत बरोबर टाकली. पोर्टलवर कागदावरची तारीख होती. ज्याला फक्त कागद माहीत, तो पहिल्याच फटक्यात उघडेल. ज्याला फक्त खरा वाढदिवस माहीत, तो आजन्म चुकत राहील. वर्षसुद्धा वेगळं, त्यामुळे अंदाजानं एक जून ठोकूनही भागणार नाही. म्हणजे ज्याला दोन्ही तारखा माहीत आहेत असंच माणूस हवं.

अर्थात बोट घसरून पहिल्यांदा चुकलं असेल तर माझं सगळं तर्कशास्त्र पाण्यात. पण दुसरं काही हाताशी नव्हतं.

बुधवारी मी रजा टाकली आणि सकाळी मोनिकाला गच्चीवर गाठलं. ती कपडे वाळत घालत होती. शहरातच, शहागंजात वाढलेली पोरगी, तोंडानं फटकळ.

"मेरेको मालूम है तू कशाला आलीस," ती म्हणाली. "जागा मला मिळेल म्हणून मीच केलं, असंच ना? सारे वोइच बोल रहे. कालपासून कुणी माझ्याशी धड बोललं नाही. चहा पण एकटीनं प्यायले."

"मी तसं म्हटलं नाही. एकच विचारते. प्रेरणानं पोर्टलवर जून महिना टाकला होता, ते तुला आठवतं?"

"जून?" तिनं चिमटा तोंडातून काढला. "जून कशाला? जानेवारी ना? केक खाल्ला की आपण." मग तिचे डोळे मोठे झाले. "शीला, तू तिचा फॉर्मच चुकवलास काय? पागल!"

ती इतकी मनापासून माझ्यावर उखडली की मला बरं वाटलं. ज्याला दुसरी तारीख ठाऊक आहे तो इतका चांगला अभिनय करत असेल, तर त्यानं नोकरीच्या मागे लागूच नये.

एक नाव कमी झालं. उरला सुदर्शन, प्रेरणाला पाहून गेलेला मुलगा. त्याच्याकडे मात्र प्रेरणाचा बायोडेटा होता, नोकरीच्या पत्राचा फोटो होता आणि नकाराचं कारणही होतं.

४

सुदर्शनचं जालना रोडला ठिबकच्या नळ्यांचं दुकान. एप्रिलमध्ये तो प्रेरणाला पाहून गेला होता. मुलगी पसंत, पण पुण्याला जाणार असेल तर नाही, असा निरोप आला. प्रेरणानं उलट निरोप धाडला की मग नाहीच.

मी दुकानात जाऊन सरळ विचारलं. त्यानं मला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं, चहा मागवला. वागायला सालस निघाला, त्यामुळे मला अजूनच चीड आली.

"ताई, मी कशाला असं करीन?" तो म्हणाला. "मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण माझ्यासाठी दुसरीकडं बघणं सुरू आहे. गुरुजींनी तिच्या नोकरीचं पत्र मला पाठवलं तेव्हा मी अभिनंदन पण कळवलं."

"पत्र गुरुजींनी पाठवलं?"

"व्हय. खाली लिहिलं होतं, अजून विचार करा."

प्रेरणाच्या वडिलांना सगळे गुरुजीच म्हणतात. काकासाहेब गुरुजी, पैठणजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले.

"प्रेरणाची जन्मतारीख आठवते?"

त्यानं लगेच मोबाईलमधला बायोडेटा उघडला. "चौदा जानेवारी दोन हजार दोन, पहाटे सहा वीस. पत्रिका जुळवली होती ना."

"सनदेवर एक जून दोन हजार एक आहे."

त्याचा चहाचा हात थांबला. "म्हणजे सात महिन्यांनी मोठी? ताई, हे बरोबर नाही. आमच्या आईला कळलं तर ती म्हणेल मुलीकडच्यांनी वय लपवलं."

त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं, पत्रिकेचं. मी चहा संपवला आणि उठले.

दोघंही गेले. आता दोन्ही तारखा कुणाकुणाला माहीत? प्रेरणाला स्वतःला. तिच्या आईला माहीत होत्या, पण भागूबाई चार वर्षांपूर्वी वारल्या. गुरुजींनाही, पण त्यांना मोबाईल उचलण्यापलीकडे काही येत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. आणि आणखी एक मुलगी होती, जिनं केकही खाल्ला होता आणि सनद समोर ठेवून अर्जही भरला होता.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. माझा सगळा तर्क फिरून माझ्यावरच आला होता.

५

मला माहीत होतं की मी केलेलं नाही. अर्ज मीच भरला, म्हणजे मी पहिल्यांदा चुकलेच नसते. पण हे सांगणार कोणाला? स्वतःची साक्ष स्वतः देणारा माणूस गेटवर आला तर मी त्याला आत सोडत नाही.

वसतिगृहात परतले तेव्हा साळूबाई पायरीवर मेथी निवडत होत्या. सामान उचलायचं ठरलं का, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मेथीची जुडी ओढून घेतली. हात चालू असले की त्यांची जीभही चालते.

"मंगळवारी कोण कोण आलं होतं इथं?"

"कोन येनार? दूधवाला. आन गुरुजी आलते साडेबाराला, पैठनच्या गाडीनं. पोरीसाठी शेंगदान्याचे लाडू घिऊन. पोरगी नव्हती तर माझ्यापाशी ठिवून गेले. लई भला मानूस. बाईल गेल्यापसून वाळलाय पार."

"काही बोलले?"

"बसले घडीभर. माझ्या नातीचं शाळंत नाव चुकीचं पडलतं ना ऑनलाइनला, ते त्यांनी बसल्या बसल्या मोबाईलवर नीट करून दिलं. सर म्हनला व्हता म्हैना लागंल. गुरुजीनं पाच मिंटात केलं."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

संक्रांतीला गुरुजी आले होते तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, व्हिडिओ कॉल करत जा, प्रेरणाला बरं वाटेल. ते म्हणाले होते, "मला त्या मोबाईलातलं काय कळतं पोरी? उचलायचा आन ठिवायचा." आम्ही विश्वास ठेवला. खरं तर कुठल्याही शाळेच्या मास्तरला विचारा, गेली दहा वर्षं खडू कमी आणि ऑनलाइन माहिती जास्त, हेच त्याचं आयुष्य होतं. पटसंख्या, आधार, खिचडी, सगळं मोबाईलवर. एका चुकलेल्या तारखेवर पोर्टल कसं अडतं आणि मग दुसरी कोणती टाकायची, हे गुरुजींना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आणि प्रेरणाला पहिलीत कोणी घातलं होतं? त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात. तो एक जून त्यांनीच लिहिला होता.

प्रेरणाला मी काही सांगितलं नाही. बापाचं नाव घेण्याआधी खात्री करायला हवी होती. गुरुवारी सकाळी मी पैठणच्या गाडीत बसले. शुक्रवार पाचला एकतीस तास उरले होते.

६

गुरुजी ओट्यावर बसले होते. घरात टीव्ही मोठ्यानं लावलेला आणि पाहायला कोणी नाही. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला माझ्या येण्याची लाज वाटली.

"ये, ये. जेवून जायचं हां. म्या पिठलं टाकतो. येकट्याला करायला मन व्हत नाय, येगळंच खरपूस व्हतं." ते स्वयंपाकघरात गेले. फळीवर सगळी भांडी जोडीजोडीनं ठेवलेली होती आणि मोरीत फक्त एक ताट होतं.

मी दाराच्या चौकटीला टेकून विचारलं, "गुरुजी, कंपनीला पत्र लिहायचंय. प्रेरणाची जन्मतारीख काय?"

"कागदावरची का खरी?"

ते सहज बोलून गेले. मग त्यांचा पळीवाला हात थांबला. कढईत तेल तापत राहिलं. त्यांनी गॅस बंद केला, पण माझ्याकडे वळले नाहीत.

मी सगळं सांगितलं. तीन मेल, दोन मिनिटं, मोनिकाचा केक, सुदर्शनची पत्रिका, साळूबाईंची नात. त्यांनी एकदाही मला तोडलं नाही. पोरगं गणित सोडवत असताना मास्तर ऐकतो तसं ऐकलं.

"गाडीत बसून केलं," शेवटी ते म्हणाले. "बिडकीनच्या पुढं. तिचे लाडू मांडीवर व्हते."

"पण पहिल्यांदा चुकलात कसे? तारीख तुम्हीच लावली होती."

ते भिंतीला टेकून खाली बसले. "शीला, आर्ध्या गावाला म्या एक जूनला जन्माला घातलं. हातानं लिहिल्यात त्या तारखा. पन तिचं नाव समूर आलं आन माझ्या डोळ्यांपुढं ती पहाटच आली. संक्रांतीची. भागूबाईनं तीळ निवडून ठिवले व्हते आन तिच्या पोटात कळ आली. हातानं तीच तारीख लिहिली. जनमभर खोटी लिहीत आलो. त्या दिवशी खरी लिहिली, तर तीच चुकली म्हनं."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"सुदर्शनकडं दिली आसती तर तासा-दीड तासाच्या वाटंवर ऱ्हायली आसती," ते म्हणाले. "पुन्याला गेली की दिवाळीला येनार, दोन दिसांसाठी. हा टीव्ही मी बघत नाय पोरी. घरात कुनीतरी बोलायला पायजे म्हनून लावतो."

इथं मी एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती न सांगता ही हकिकत पुरी होत नाही. मंगळवारी प्रेरणानं मला फोन दाखवला, तिची नोकरी गेल्याचं मी वाचलं, तेव्हा रागाच्याही आधी, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं होतं. आता ती जाणार नाही, असं वाटलं होतं. साळूबाईंचा माझ्यावरचा संशय चुकीचा होता, पण फार चुकीचा नव्हता.

हे मी गुरुजींना सांगितलं.

"मग तू कामून शोधत आलीस? गप बसली आसतीस तर ऱ्हायली आसती ती."

"राहिली असती," मी म्हटलं. "पण माझ्याकडे बघितलं नसतं तिनं कधी."

गुरुजी उठले. कपाटातून रेघांचा कागद काढला, समास आखला आणि पेनचं टोपण उघडलं.

"कुनाच्या नावानं लिहायचं, सांग."

७

रात्री मी तिथंच राहिले. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं एकाच गाडीनं आलो. बिडकीन आलं तेव्हा गुरुजींनी खिडकीबाहेर तोंड केलं.

"तिला मीच सांगनार," एवढंच म्हणाले.

वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत ते आणि प्रेरणा बसले आणि मी बाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. आवाज आला नाही. मला ओरडणं ऐकू आलं असतं तर बरं वाटलं असतं. अर्ध्या तासानं प्रेरणा बाहेर आली, डोळे कोरडे, आणि म्हणाली, "पत्र कुठंय? पाठवू."

गुरुजींचं पत्र अडीच ओळींचं होतं. माझ्या मुलीच्या परवानगीशिवाय मी तिचा पासवर्ड बदलून नोकरी नाकारली. चूक माझी आहे. तिची नोकरी तिला द्यावी. खाली सही आणि तारीख. त्याला मी माझं दीड पान जोडलं. दार कसं उघडलं ते लिहिलं. आणि हेही लिहिलं की तुमचं कुलूपच कच्चं आहे. आमच्याकडे आईचं माहेर लग्नाच्या बायोडेट्यात छापलेलं असतं, आणि हजारोंच्या दाखल्यावर तारीख एक जूनच असते, चोराला फक्त वर्ष शोधायचं असतं. एकही अवघड शब्द वापरला नाही, कारण मला येतच नव्हते.

चार वाजता उत्तर आलं. प्रेरणानं सोमवारी रुजू व्हावं.

मोनिकानं खाली जाऊन चार चहा आणले आणि एक गुरुजींच्या हातात दिला. साळूबाईंनी सामानाचा विषय पुन्हा काढला नाही. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नाही. रात्रीच्या ताटात मेथी जास्त पडली, तेवढंच.

रविवारी प्रेरणा गेली. स्टँडवर तिनं वडिलांना वाकून नमस्कार केला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला मिठी मारली. "मी तुला तसं विचारायला नको होतं," ती म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे. जाऊ दे म्हटल्यानं गोष्टी जात नाहीत, पण गाडी सुटत होती.

८

त्या आठवड्यात मला पुण्याहून फोन आला. कंपनीत सुरक्षेचं काम बघणारे एक गृहस्थ होते. ते एक जूनचं खरं आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. पोर्टलवरचे ते दोन्ही प्रश्न काढून टाकले होते. मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, गेटपास करते. सुरुवात कुठून करावी ते चौदा महिने शोधतेय.

"केलीत की," ते म्हणाले. "पुढचं सापडलं की मला लिहा." नोकरीबिकरी काही दिली नाही. फोन ठेवला.

पुढचं मला सापडलं रविवारी. गुरुजींचा फोन. "शीला, एक लिंक आलीय, वीज कापनार म्हनतात. दाबू का?" नका दाबू, म्हटलं. पुढच्या रविवारी पुन्हा फोन. त्यांच्या जुन्या शाळेतल्या सगळ्या मास्तरांचा पासवर्ड शाळेचंच नाव आहे, हे चालतं का? चालत नाही, म्हटलं. मग मीच पैठणला जाऊ लागले, एक रविवार सोडून एक. शाळेच्या व्हरांड्यात सात-आठ शिक्षक खुर्च्या मांडून बसतात आणि त्यांचे मोबाईल पुढे करतात. मी त्यांना आधी विचारते, यात तुम्हाला काय जपायचंय? उत्तरं ऐकून घरी येते आणि जे मला आलं नाही तेवढंच शिकते. त्यात नेटवर्क येतं, लिनक्सही येतं, पण ज्याच्या त्याच्या वेळी. वहीतले अकरा बाण मी अजून खोडलेले नाहीत. बघितले की हसू येतं.

प्रेरणाच्या कॉटवर नवी मुलगी आलीय. ती कानात इयरफोन घालून झोपते. केस विंचरता विंचरता कुणी "मग?" म्हणत नाही. प्रेरणाचे फोन येतात, पण घाईत. वडिलांशी ती बोलायला लागलीय, हे मला गुरुजींच्या टीव्हीवरून कळलं. हल्ली मागे त्याचा आवाज नसतो.

तेरा ऑगस्टला सकाळी मी वाळूजच्या बसमध्ये होते. वार रविवार नव्हता, तरी गुरुजींचा फोन आला.

"लिंक आली का?"

"नाय. तुझ्या आईला फोन केलता मी. कस्तुराबाईंला. तीनदा केला. आता ऐक. गिराणात तू पोटात व्हतीस. ते मोठं गिराण, अकरा ऑगस्ट नव्व्यान्नव, बुधवार. पंचमीला मांडीवर. त्या साली पंचमी सोळाला, सोमवारी. बाप बाजाराला गेला व्हता. तुमच्याकडचा बाजार शुक्रवारचा. बुधवार ते सोमवारात शुक्रवार किती येतात?"

"एक," मी म्हटलं.

"तेरा ऑगस्ट. आज. पंचांग दोनदा बघितलंय, चूक नाय. लई पोरांच्या तारखा मी खोट्या लिहिल्या, म्हटलं एक तरी खरी काढावी."

बस वाळूजच्या अलीकडच्या छोट्या पंढरपूरच्या पुलापाशी अडकली होती. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा मला कळलं की मी रडतेय. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं की मी कधी सुरू झाले.

"आता ही कुठं पासवर्डात टाकू नको," गुरुजी म्हणाले.

"नाही टाकत," मी म्हटलं. बस पुढे सरकली, तरी फोन कुणीच ठेवला नाही.